अपरकट मारणे आणि अपरकटपासून वाचणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न आमच्या बॉक्सिंगच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये पोरापोरींनी, त्यांच्या पालकांनी आणि ऑफिस सुटल्यावर घाम गाळायला येणाऱ्या मंडळींनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. उत्तरं डावा पाय पुढे ठेवून उभ्या राहणाऱ्या उजव्या बॉक्सरला धरून लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं. त्यांना तशी सवय असतेच.

अपरकट म्हणजे नेमका कोणता ठोसा?

खालून वर जाणारा. जॅब (पुढच्या हाताचा) आणि क्रॉस (मागच्या हाताचा) सरळ रेषेत जातात, हुक बाजूने येतो, अपरकट दोन्ही ग्लोव्ह्जच्या मधल्या फटीतून वर चढतो. मारताना तळहात आपल्याकडे असतो आणि कोपर वाकलेलं असतं. निशाणे दोनच: हनुवटी, नाहीतर पोटाचा वरचा भाग.

शिकायला लागल्यावर किती दिवसांनी अपरकटला हात घालावा?

पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, कारण मोबाइलवर हेवीवेट बॉक्सर माइक टायसन पाहिलेला असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: जॅब मारून हात आपोआप गालापाशी परत यायला लागला, की मग. ती सवय लागायच्या आत अपरकट शिकवला तर हात खाली सोडण्याची खोड लागते आणि ती काढता काढता वर्ष जातं. आमच्याकडे साधारण क्रम असा: उभं राहणं आणि पाय, जॅब, क्रॉस, हुक, मग अपरकट. बचाव मात्र आधी शिकवतो. ज्याला अपरकट येत नाही त्यालाही तो बसतोच.

मागच्या हाताचा अपरकट कसा मारायचा? टप्प्याटप्प्याने सांगा.

मार्केट यार्डात हमाल पोतं पाठीवर घेऊन उठतो तेव्हा त्याच्याकडे नीट बघा. कमरेतून उठला तर तो दोन दिवसांत अंथरूण धरेल. तो गुडघ्यांतून उठतो. अपरकटचा जोर तिथलाच आहे.

गार्ड, म्हणजे दोन्ही मुठी गालापाशी, वर ठेवून उभे राहा. दोन्ही गुडघे जरासे वाकवा आणि वजन उजव्या पायावर घ्या. उजवा खांदा आपसूक थोडा खाली येईल. इथेच सगळे चुकतात, म्हणून सावकाश वाचा: हात खाली न्यायचा नाही. गुडघे वाकले म्हणजे तुम्हीच खाली गेलात, तुमच्यासोबत हातही गेला. मूठ गालापासून फार तर छातीपर्यंत येईल, कमरेपर्यंत कधीच नाही.

आता उजव्या पायाच्या चवड्याने जमीन ढकला. टाच बाहेरच्या बाजूला वळते, त्यामागून कंबर वळते, कंबरेमागून खांदा, आणि सगळ्यात शेवटी मूठ. कोपर बरगड्यांना घासून निघालं पाहिजे. ते बाहेर फाकलं की अपरकट अर्धवट हुक होतो आणि धड कुठलाच राहत नाही. कोपराचा कोन काटकोनाच्या आसपास ठेवा. समोरचा जरा लांब असेल तर थोडा उघडा. ठोसा सरळ आभाळात जात नाही, वर जाता जाता किंचित पुढेही जातो.

थांबायचं कुठे? समोरच्याच्या हनुवटीच्या चार बोटं वर. तिथून आला तसा गार्डमध्ये परत. पाहिजे तिथे ठोसा लागला असेल तर पुढे हात नेऊन काही मिळत नाही, आणि लागला नसेल तर वर गेलेला हात म्हणजे उघडी बरगडी.

या सगळ्या वेळात डावा हात कुठे आहे? गालाला. हनुवटी छातीकडे, डोळे समोर.

आणि पुढच्या हाताचा?

तो मला जास्त आवडतो, कारण तो लवकर पोचतो आणि दिसत नाही. इथे वजन डाव्या पायावर घ्यायचं: डावा गुडघा जरा वाकवा, डावा खांदा बोटभर खाली. मग डावा पाय जमीन ढकलतो, डावी कंबर वर आणि आत वळते, मूठ तिच्यासोबत. अंतर इतकं कमी असतं की जोर हाताने आणता येतच नाही. ज्याच्या कंबरेला वळण नाही त्याचा पुढचा अपरकट म्हणजे हनुवटीला गुदगुल्या.

फक्त एक सांभाळा: डावीकडे झुकायचं म्हणून डोकं पुढच्या गुडघ्याच्या पलीकडे नेऊ नका. तिथे समोरच्याचा उजवा हात वाट बघत असतो.

माझ्या अपरकटमध्ये जोर का नाही?

बॅचमध्ये दिसणारी कारणं वारंवारतेने सांगतो. पहिलं, तुम्ही हाताने मारताय. पाय सिमेंटच्या खांबासारखे उभे आहेत. दुसरं, मारताना तुम्ही मागे झुकता आणि हनुवटी वर करता, जणू ठोशासोबत तुम्हालाही वर जायचंय. त्यात वजन मागे पळतं आणि तुमचीच हनुवटी उघडी पडते. तिसरं, टाचा उचलून उडी मारता. पाय जमिनीवर नाहीत तर ढकलणार कशाला?

लेझीम खेळलेल्या मुलांना हे लवकर कळतं असा माझा अनुभव आहे. बैठक घेऊन तालावर वर उठायची सवय गुडघ्यांना आधीच असते. शाळेत लेझीम टाळलेल्यांनी आता बैठका माराव्यात.

लांबून अपरकट मारू नये असं सगळे का म्हणतात? टीव्हीवर तर मारतात.

मारतात, आणि त्याचं काय होतं याचा सगळ्यात चांगला धडा १९९० सालचा आहे. बस्टर डग्लस या एकाच बॉक्सरच्या त्या वर्षात अपरकटची सगळी गोष्ट येते.

११ फेब्रुवारी १९९०, टोकियो. समोर माइक टायसन, तोवर एकही लढत न हरलेला. आठव्या राउंडच्या शेवटी टायसनने उजवा अपरकट मारला आणि डग्लस पाठीवर पडला. तो उठला. दहाव्या राउंडमध्ये त्याने उजवा अपरकट मारून टायसनचं डोकं मागे फेकलं, त्यापाठोपाठ ठोशांची सर लावली, आणि टायसन आयुष्यात पहिल्यांदा खाली गेला. गुडघ्यांवर रांगत तो दातांतून पडलेला माउथगार्ड शोधत होता, ते दृश्य जगाने पाहिलं.

आठ महिन्यांनी, २५ ऑक्टोबरला, लास व्हेगासमध्ये डग्लस इव्हँडर होलीफिल्डसमोर उभा राहिला. तिसऱ्या राउंडमध्ये त्याने तोच उजवा अपरकट काढला, पण या वेळी लांबून, आधी जॅब न मारता. होलीफिल्ड जरासा मागे झाला, ठोसा त्याच्यासमोरून वर निघून गेला, आणि डग्लसची उजवी बाजू भिंत पडलेल्या घरासारखी उघडी राहिली. होलीफिल्डने सरळ उजवा मारला. लढत संपली, टायसनकडून मिळवलेलं विजेतेपद गेलं.

ठोसा तोच होता. टोकियोत टायसन जवळ होता, लास व्हेगासमध्ये होलीफिल्ड दूर होता. अपरकट लागायचा तर समोरचा तुमच्या वाकलेल्या कोपराच्या टप्प्यात हवा. हात जितका लांब न्याल तितका त्यातला जोर कमी होतो आणि परत यायला वेळ जास्त लागतो.

मग टप्प्यात कसं यायचं? कोणत्या ठोशांसोबत मारायचा?

कधीही नुसता मारू नका. आधी काहीतरी देऊन समोरच्याचे हात आणि लक्ष दुसरीकडे न्या. वजन कुठल्या पायावर उतरतं ते बघितलं की जोड्या पाठ कराव्या लागत नाहीत. क्रॉस मारल्यावर वजन डाव्या पायावर येतं, म्हणून क्रॉसनंतर डावा अपरकट नैसर्गिक. डावा हुक मारल्यावर वजन उजव्या पायावर बसतं, म्हणून हुकनंतर उजवा अपरकट.

सुरुवातीला एवढंच करा: जॅब, उजवा अपरकट, डावा हुक. जॅबसोबत अर्धं पाऊल आत या. अपरकटने डोकं वर येतं, हुक त्या वर आलेल्या डोक्याला भेटतो. महिनाभर हीच जोडी केली तरी हरकत नाही.

टायसनची ओळख असलेली जोडी वेगळी होती. उजव्या हाताने बरगडीवर हुक, आणि त्याच उजव्या हाताने लगेच हनुवटीला अपरकट. बरगडी वाचवायला कोपर खाली गेलं की मधली वाट मोकळी. बघायला सोपी, करायला अवघड, कारण एकाच हाताने दोनदा मारताना कंबर मधल्या क्षणात परत वळावी लागते. दुसऱ्या वर्षी करा.

पोटावर अपरकट मारण्यात अर्थ आहे का?

भरपूर. नवशिक्यांना हनुवटीचंच वेड असतं, पण हनुवटी हलते, पोट कुठे जाणार? छातीच्या पिंजऱ्याखाली मधोमध जो खळगा आहे तिथे अपरकट बसला की श्वासाचा पडदा आखडतो आणि काही सेकंद हवा आतच येत नाही. दुसरी जागा समोरच्याच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या कडेशी, जिथे यकृत आहे. तिथे तुमचा डावा हात पोचतो. यकृतावर बसलेल्या ठोशाची गंमत अशी की क्षणभर काहीच होत नाही, माणूस उभा असतो, आणि मग पाय आपले आपण दुमडतात. शुद्ध पूर्ण असते, उठावंसंही वाटतं, शरीर ऐकत नाही.

पोटावर मारताना गुडघे अजून वाकवा. वरून खाली हात सोडून मारला तर तो अपरकट नाही.

हनुवटीवर बसलेला अपरकट इतका का लागतो?

दोन कारणं. हनुवटी हे डोक्याचं टोक आहे. टोकाला धक्का बसला की डोकं मानेवर झटक्यात मागे फिरतं. कवटी फिरते, आतला मेंदू मागे राहून मग हलतो, आणि त्या हिसक्याने शुद्ध जाते. दुसरं, तो दिसत नाही. हाय गार्डमध्ये आपलेच ग्लोव्ह्ज खालचा भाग झाकतात. येणारा ठोसा दिसला तर मान आपोआप ताठ होते. न दिसलेला ठोसा सैल मानेवर बसतो.

म्हणून हनुवटी छातीकडे, दात माउथगार्डवर दाबलेले, आणि मानेचा व्यायाम रोज. तोंड उघडं ठेवायची सवय मला होती. एका साध्या स्पारिंगमध्ये (जोडीदारासोबतच्या सरावाच्या लढतीत) खालून ठोसा आला आणि दातांत जीभ सापडली. तीन टाके पडले. आठवडाभर ताक-भात. ती सवय त्या दिवशी सुटली.

अपरकटपासून बचाव कसा करायचा?

सगळ्यात स्वस्त बचाव अंतराचा. हा ठोसा आखूड आहे. अर्धं पाऊल मागे गेलात तर तो हवेत जातो आणि समोरचा उघडा पडतो. पण पाऊल मागे घ्या, कंबरेतून मागे वाकू नका. होलीफिल्डला मागे झुकणं जमलं, कारण त्याचे पाय खाली होते आणि हात तयार. नवशिका मागे वाकतो तेव्हा हनुवटी वर करतो आणि पुढचा क्रॉस त्याच हनुवटीवर घेतो.

मागे जायला जागा नसेल तर तळव्याचं झाकण. उजव्या ग्लोव्हचा तळवा खाली करून हनुवटीच्या खाली धरा, पातेल्यावर झाकण ठेवतात तसा. मूठ त्या झाकणावर आपटते. दोन्ही हातांच्या अपरकटला मी उजवाच तळवा वापरायला शिकवतो, म्हणजे डावा हात हुकसाठी मोकळा राहतो. झाकण हनुवटीपासून चार बोटांवर राहिलं पाहिजे. ठोसा अडवायला हात खाली नेला की समोरच्याचा बेत फळला. खरा ठोसा मग वरून येतो. अपरकटची नुसती हूल देऊन हुक मारणारे बॉक्सर याच चुकीवर जगतात.

पोटावरच्या अपरकटला हात खाली नेऊच नका. कोपर तिथेच आहे. पोट आत घ्या, धड जरासं त्या बाजूला वळवा, कोपर कंबरेच्या हाडाकडे दाबा. हात गालावर राहतो, बरगडी झाकली जाते.

तिसरा मार्ग उलटा वाटतो: आत घुसा. अपरकटला वर चढायला जागा लागते. छातीला छाती लावलीत, कपाळ त्याच्या खांद्यावर ठेवलंत, तर मुठीला फिरायला वावच नाही. गरज पडली तर मिठी मारून हात अडकवा आणि रेफरीची वाट बघा. प्रेक्षक ओरडतील, ओरडू द्या.

मी तालमीतून आलोय. प्रत्येक स्पारिंगमध्ये मला अपरकटच का बसतो?

कारण तुम्ही कुस्ती खेळताय. ही टिंगल नाही. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या पोरांना लहानपणापासून डोकं पुढे, कंबर वाकलेली, नजर समोरच्याच्या छातीवर किंवा पायावर, असं उभं राहायला शिकवलेलं असतं. लाल मातीत ते बरोबर आहे, तिथे खालून कोणी मूठ मारत नाही. रिंगमध्ये मात्र वाकलेल्या माणसाचं तोंड जमिनीकडे असतं आणि अपरकट जमिनीकडूनच येतो. कबड्डीच्या चढाईपटूंचंही तेच.

जगज्जेत्यांचंही हे झालंय. २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टनमध्ये जो फ्रेझियर जॉर्ज फोरमनसमोर गेला. फ्रेझियर वाकून, डोलत, खालून आत येणारा. फोरमन उंच, आणि त्याच्याकडे अपरकट. पहिल्यांदा फ्रेझियर खाली गेला तो उजव्या अपरकटने, आणि दोन राउंडमध्ये तो सहा वेळा पडला. मुहम्मद अलीला हरवणारा फ्रेझियर होता तो, कुणी ऐरागैरा नव्हे.

उपाय: खाली जायचं असेल तर गुडघ्यांतून जा, पाठ सरळ, डोळे समोरच्याच्या गळ्यावर. आरशासमोर करून बघा. खाली गेल्यावर आरशात स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे. टाळू दिसली तर पुन्हा करा. आणि प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच वेगाने वाकू नका. तीनदा वाकलात की चौथ्यांदा तिथे मूठ ठेवलेली असते.

तालमीचा फायदाही सांगतो. मान, पाय आणि मिठीतली ताकद तुमच्याइतकी कुणाची नसते. आत घुसून चिकटायचा बचाव तुम्ही एका दिवसात शिकता.

अडवल्यावर परत काय मारायचं?

अपरकट मारणारा हात त्या क्षणी गालावर नसतो. समोरच्याने उजवा मारला तर त्याचा उजवा गाल उघडा, तिथे तुमचा डावा हुक. त्याने डावा मारला तर डावी बाजू उघडी, तिथे तुमचा सरळ उजवा. सर हातात पॅड, म्हणजे ठोसे झेलायची गादी, धरून अपरकटची हूल देतात आणि तुम्ही झाकण-हुक, झाकण-हुक करता, असे दोन मिनिटांचे तीन राउंड रोज. पंधरा दिवसांत हात विचार न करता जायला लागतो.

समोरचा डावखुरा असेल तर?

दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात आणि मागच्या हातांमधली वाट मोकळी असते. त्या वाटेने त्याचा डावा अपरकट येतो, तुमचाही उजवा जातो. पुढचा पाय त्याच्या पायाच्या बाहेर ठेवा. आत राहिलात तर त्याचा मागचा हात बरोबर तुमच्या मध्यरेषेवर येतो.

माझी उंची कमी आहे. अपरकट माझ्या कामाचा आहे की माझ्यावर चालणारा?

दोन्ही. आत जाताना तुम्हाला धोका, आत पोचल्यावर तुमची मजा. मेरी कोम ४८ किलो गटातून २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी ५१ किलोत गेली, कारण महिलांसाठी त्याहून हलका गट ठेवलेलाच नव्हता. आपल्यापेक्षा मोठ्या मुलींसमोर उभं राहून तिने कांस्य आणलं. उंची कमी असेल तर आत जायची वाट पायांनी काढावी लागते. जॅब मारत, डोकं मध्यरेषेवरून हलवत जा. सरळ रेषेत डोकं घालून गेलात तर वर फ्रेझियरचं काय झालं ते पुन्हा वाचा.

पंचिंग बॅगवर अपरकट मारताना मनगट दुखतं. काय चुकतंय?

बहुतेक वेळा बॅगच चुकीची असते. उभी लटकलेली लांब बॅग सरळ ठोसे आणि हुकसाठी आहे. तिच्यावर अपरकट मारला की मूठ कापडावरून वर घसरते आणि मनगट मागे दुमडतं. खालचा भाग गच्च बसून दगड झालेली बॅग असेल तर आणखी वाईट. थेंबाच्या आकाराची किंवा भिंतीवर तिरपी बसवलेली गादी असेल तर उत्तम. नसेल तर जोडीदाराला पॅड हनुवटीच्या उंचीला, तळवा जमिनीकडे करून धरायला सांगा. साध्या बॅगवर मारायचंच असेल तर हलकं मारा आणि मूठ बॅगेत किंचित पुढे जाऊ द्या.

हाताला पट्टी बांधताना मनगटावर तीन वेढे जास्त घ्या. मूठ मिटलेली, अंगठा बोटांवर बाहेरून, मनगट आणि पुढचा हात एका रेषेत. दुखणं आठवड्याभरात गेलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. 'सुटेल सर' म्हणणाऱ्या पोरांची मनगटं मी सुजलेली पाहिली आहेत.

घरी जागा कमी आहे. सराव कसा करू?

भिंत पुरते. भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभे राहा आणि सावकाश अपरकट मारा. मूठ भिंतीला लागली तर तुम्ही पुढे ढकलताय, वर चढवत नाही. दुसरा सराव: घडी केलेला रुमाल काखेत धरा. गुडघे वाकेपर्यंत आणि कंबर वळायला लागेपर्यंत तो पडू नये. मूठ वर चढताना पडला तर चालेल. तिसरा, हनुवटीच्या उंचीला दोरी बांधा आणि गुडघ्यांतून तिच्याखालून इकडून तिकडे जा. चाळीत राहत असाल तर वेळ खालच्या मजल्यावरच्यांशी बोलून ठरवा.

स्पर्धेत अपरकटला गुण मिळतात का?

मिळतात, इतर ठोशांसारखेच. मिटलेल्या मुठीच्या पुढच्या भागाने, डोक्याच्या समोर किंवा बाजूला नाहीतर पट्ट्याच्या वर पोटावर लागला पाहिजे. पाच परीक्षक बसलेले असतात आणि राउंड जिंकणाऱ्याला दहा गुण देतात. खालून मारताना तीन चुका ताकीद आणतात: पट्ट्याखाली लागणं, उघड्या ग्लोव्हने चापट बसणं, आणि एका हाताने मान धरून दुसऱ्याने मारणं. तिसरी चूक तर सवयीने होते. आणखी एक: वर उठताना तुमचं डोकं त्याच्या तोंडावर आपटलं तर तोही फाउल.

हेडगार्ड घातल्यावर अपरकटची भीती नाही ना?

आहे. स्पर्धेतला हेडगार्ड कपाळ, गाल आणि कान झाकतो, हनुवटी बहुतेक उघडीच असते. तो चिरा आणि खरचटणं वाचवतो. डोकं मागे फेकलं जाणं त्याने थांबत नाही. वरिष्ठ पुरुषांच्या हौशी लढतींतून हेडगार्ड २०१३ मध्ये काढूनही टाकला.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला स्पारिंगमध्ये अपरकट बसला तर?

आमच्याकडे त्या वयाची मुलं अपरकट शिकतात, पॅडवर मारतात, जोडीदारासोबत संथ गतीने बचाव करतात. डोक्यावर जोरात मारण्याचं स्पारिंग त्यांना देत नाही. मोठ्यांनाही नियम एकच: स्पारिंगमध्ये अपरकट हनुवटीला टेकवायचा, ठोकायचा नाही. ग्लोव्ह्ज सोळा औंसाचे.

ठोसा बसल्यावर डोकं दुखणं, मळमळ, उलटी, उजेड नकोसा होणं, तेच तेच विचारणं, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशीचा सराव बंद आणि डॉक्टरकडे. बाइकला किक मारून एकट्याने घरी जायचं नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय स्पारिंग नाही. इथे मी कुणाचं ऐकत नाही, पालकांचंही नाही. काही पालकांनाच घाई असते.

अपरकट समजून घ्यायला कुणाच्या लढती पाहाव्यात?

वरच्या तीन झाल्याच. त्यात २९ एप्रिल २०१७ ची वेम्बलीतली अँथनी जोशुआ आणि व्लादिमीर क्लिचको यांची लढत घाला. सहाव्या राउंडमध्ये स्वतः पडलेल्या जोशुआने अकराव्यात उजवा अपरकट मारला आणि तिथून लढत फिरली. डिलियन व्हाइटच्या दोन लढती जोडीने पाहा. २०२० मध्ये चौथ्या राउंडमध्ये पोव्हेटकिनला दोनदा पाडल्यावर पाचव्यात त्याला पोव्हेटकिनचाच डावा अपरकट बसला. २०२२ मध्ये टायसन फ्युरीचा उजवा. पोव्हेटकिन आधी खाली वाकतो ते बघा. व्हाइटला वाटलं ठोसा पोटावर येणार.

आणि नुसतं सुंदर बघायचं असेल तर मेक्सिकोचा रिकार्डो लोपेझ. सगळ्यात हलक्या गटातला, ५१ विजय, एक बरोबरी, पराभव नाही. त्याचा अपरकट बघताना हात कुठून सुरू झाला ते शोधा. मला पहिल्या वेळी सापडलं नव्हतं.

किती दिवसांत जमेल?

आकार तीन-चार आठवड्यांत येतो. हलणाऱ्या माणसावर योग्य क्षणी मारायला एखादं वर्ष लागतं. काहींना कधीच जमत नाही आणि तरी ते चांगले बॉक्सर होतात, जॅब आणि क्रॉसवर.

ठोसा येताना माझे डोळे मिटतात.

सगळ्यांचेच मिटतात. जोडीदाराला सांगा, रोज पाच मिनिटं हलक्या हाताने ग्लोव्ह तुमच्या कपाळाला, गालाला, हनुवटीखाली टेकवत राहायचं. तुम्ही काही अडवायचं नाही, फक्त त्याच्या छातीकडे बघायचं आणि श्वास सोडत राहायचं. पहिल्या दिवशी पोरं हसतात. दहाव्या दिवशी त्यांना त्याच्या उजव्या खांद्याचं बोटभर खाली जाणं दिसायला लागतं.